पाय तिचा होता

गेल्या महिन्यात साताऱ्यात माझ्या विद्यार्थिनीच्या जिम्नॅस्टिक्स हॉलचं उद्घाटन होतं. फीत मी कापली. निवेदकाने नेहमीचा किस्सा रंगवून सांगितला: राज्य स्पर्धेच्या दिवशी हिचा घोटा सुजला होता, सरांनी पदकाचा मोह सोडून नाव मागे घेतलं, म्हणून पुढे ही देशासाठी खेळली. टाळ्या पडल्या. माझ्या सांगलीत हा किस्सा मी वर्षानुवर्षं मान खाली घालून ऐकला आहे. लोकांना तो माझा विनय वाटायचा.

तिचे वडील जतहून तिला माझ्याकडे सोडायला आले, तेव्हा नारळ ठेवून म्हणाले होते, "सर, कातडं तुमचं, हाडं आमची." आमच्याकडे मूल गुरूच्या हवाली करताना असंच म्हणतात. मी ते शब्दशः घेतलं. तिने काय खायचं, घरी फोन कधी करायचा, सगळं मीच ठरवायचो.

त्या स्पर्धेच्या दिवशी सुजलेल्या घोट्याला पट्टी बांधून मीच तिला म्हणालो होतो, "चढ बीमवर."

"सर, पाय माझा आहे. मी नाही चढणार."

"मग जतला जा, शेरडं राख."

ती लंगडत पंचांच्या टेबलापाशी गेली आणि स्वतःच नाव मागे घेऊन आली. परतीच्या वाटेवर मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. घोटा बरा झाल्यावर ती आईला घेऊन आली. म्हणाली, "दुखलं की मी सांगणार. तेव्हा तुम्ही थांबायचं. चालेल?" मी हो म्हटलं. समजूत पटली म्हणून नव्हे. तिच्यासारखी दुसरी मुलगी माझ्याकडे नव्हती.

साताऱ्याच्या हॉलमध्ये टाळ्या थांबल्या, तेवढ्यात माणदेशातला एक धनगर बाप मुलीला पुढे ढकलत आला.

"आवं म्याडम, कातडं तुमचं, हाडं आमची. लय नाठाळ हाय, हाणा खुशाल!"

माझी विद्यार्थिनी हसली. "मामा, दोन्ही तिचंच हाय. तुमी त्या बाकावर बसायचं आन् बघायचं. दार उघडंच असतंय."

मी माईक मागून घेतला आणि त्या दिवशीचं खरं सांगितलं. शेरडांचं वाक्यही गाळलं नाही. मग तोच बाप मोठ्यानं म्हणाला, "म्हंजी पोरीनंच सरास्नी शिकीवलं म्हना की!"

"व्हय," मी म्हणालो. एवढ्या अभिमानाने मी तिच्या पदकांबद्दलही कधी बोललो नव्हतो.

डोळे पुसून तिने त्या नव्या मुलीला चटईवर घेतलं. "कमान करताना पाठीला हात लावू का?"

"नगं. आदी माजी मी करती."

ती हात मागे घेऊन शेजारी उभी राहिली. पोरगी धपकन पडली, खिदळली, परत उठली. माझे हात सवयीने पुढे गेले होते. मी ते पाठीमागे बांधले आणि बाकावर त्या बापाशेजारी जाऊन बसलो.