मूळचिन्हाची आडवी रेघ

सोलापुरातल्या एका हायस्कुलात मी टायपिस्ट होतो तेव्हा बायको बाळंतपणाच्या तापात गेली. तेरावं उरकलं आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेत हजर झालो. घरी बसून करायचं काय होतं? मुलगी जेमतेम महिन्याची. शेजारच्या विणकराच्या बायकोचं मूल अंगावर पीत होतं, ती हिलाही पाजायची आणि तेलुगूत काहीतरी गुणगुणायची. मला त्यातलं काही कळत नसे.

शाळेत वार्षिक परीक्षेचे पेपर काढायचे होते. गणिताच्या मास्तरांनी बीजगणिताचा कागद माझ्यापुढे ठेवला. एरवी ते संध्याकाळपर्यंत हवंय म्हणून दोनदा बजावत. त्या दिवशी म्हणाले, "सावकाश होऊ द्या."

आमच्या टाइपरायटरवर मूळचिन्ह नव्हतं. साध्या कागदावर इंग्रजी व्ही उठवून, रूळ किंचित फिरवून त्याच्या डोक्यावर आडव्या रेघेची कळ दाबत गेलं की भागायचं. पण पेपर सायक्लोस्टाइलवर छापायला मेणकागदावर, म्हणजे स्टेन्सिलवर, कापायचे असत, आणि सलग रेघांनी मेणकागद चिरून लोंबायला लागायचा. म्हणून चिन्हापुरती जागा मोकळी सोडायची, आणि सगळं टाइप झालं की कागद काचेवर पसरून लोखंडी लेखणीने चिन्हं हाताने काढायची. आधी बारीकशी शेपटी, मग खाली टोक, मग वर चढती रेघ, आणि शेवटी पट्टी धरून आडवी. आडवी रेघ जिथवर जाते तिथवरचंच मूळ काढायचं असतं. ती आखूड पडली की उत्तरच बदलतं. हात मध्येच उचलला तर जोड दिसतो. जास्त दाबला तर कागद फाटतो. मी खाली मान घालून तेवढंच करत होतो.

दुपारी सासरे आले. जेऊरहून सकाळच्या गाडीने उतरून ते आधी घरी जाऊन आले होते. दारात वहाणा काढून उभे राहिले. मास्तरांनी त्यांना स्टूल दिलं.

"जावईबापू, पोरीला आमी न्हेतो," ते म्हणाले. "हितं कोण हाय तिला? तितं म्हस हाय, तिची आजी हाय."

मी पट्टी धरून रेघ ओढत होतो. "न्या," म्हणालो.

"ठेशनावर येता का?"

"पेपर उद्या छापायचेत, मामा."

ते थोडा वेळ कागदाकडे बघत बसले. "हे काय काढताय?"

"वर्गमुळाची खूण."

"व्हय," ते म्हणाले. पागोटं सारखं केलं आणि उठले. मास्तर त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. माझ्या बायकोला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. ते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि दुसरी लेखणी घेऊन खालच्या प्रश्नांची चिन्हं काढू लागले. त्यांची चिन्हं ताठ, माझी तिरकी. पेपर तसाच छापला गेला. परीक्षेत कुणाचं काही अडलं नाही.

घरी आलो तर शेजारणीच्या पडवीतली झोळी सोडून नेलेली. शेजारीण उंबऱ्यात बसली होती. पदर दुधाने भिजला होता. "पाप पोयिंदि," ती म्हणाली. बाळ गेलं गावाला, एवढं समजलं. मी कुलूप उघडून आत गेलो आणि भात टाकला.

सुट्टीत मी जेऊरला जात असे. मुलगी आजीला आई म्हणे आणि मला पाहिलं की तिच्या मागे लपे. मी खाऊची पुडी ओट्यावर ठेवायचो, मी उठून गेल्यावर ती उचलायची. त्याचंही मला फार वाईट वाटल्याचं आठवत नाही.

ती सहा-सात वर्षांची असताना आजी वारली आणि सासरे तिला सोलापूरला घेऊन आले. मी स्टेशनवर गेलो. टांग्यात ते पुढे बसले, ती माझ्या शेजारी.

"तुमाला काय म्हनू?" तिने विचारलं.

"तुला काय म्हणावंसं वाटतं?"

ती विचारात पडली. "आजून ठरलं न्हाय."

"बरं," मी म्हणालो.

घरी तिने आधी पाणी मागितलं, मग शेजारणीच्या अंगणात रंगवलेलं सूत वाळत होतं ते बघायला पळाली. पुढे कितीतरी दिवस ती मला नुसतं "अवो" म्हणायची. मी ओ द्यायचो.