दादाने ऐकलेला ढोल

जहाजावरच्या नोकरीत असताना एकदा युरोपातल्या एका बंदरात आम्ही चार दिवस अडकलो होतो. आमच्या गोंयकार स्वयंपाक्याने मला ओढून एका संगीताच्या कार्यक्रमाला नेलं. ऐंशीएक वादक, काळे कपडे, समोर छडी हलवणारा एक म्हातारा. ते वाजवत होते त्या सिंफनीचा संथ भाग सुरू झाला आणि मी इंजिनरूमचा माणूस खुर्चीच्या कडेवर येऊन बसलो. दुसऱ्या दिवशी त्याची कॅसेट घेतली. पुढे सीडी, मग मोबाइल. तीस वर्षं तो तुकडा मी एकटाच ऐकत आलो.

निवृत्त होऊन कोकणात माझ्या गावी, आरोंद्याला आलो तरी कानात इयरफोन घालूनच ऐकायचो. गावात कोणाला ऐकवायचं धाडस नव्हतं. हसतील, म्हणतील, साहेब झाला. दादाला तर मुळीच नाही. माझा हा थोरला भाऊ. त्याने शेती सांभाळायला सातवीतून शाळा सोडली म्हणून मी शिकू शकलो. भजनात तो पखवाज वाजवतो.

गेल्या वर्षी काजूच्या दिवसांत दुपारी आम्ही दोघे घरापुढच्या खळ्यात बिया सोलत बसलो होतो. दोन्ही हात चिकाने भरलेले, म्हणून इयरफोन न लावता मोबाइल तसाच चालू ठेवला. दादा बिया सोलत राहिला. तुकडा संपायला आला तेव्हा म्हणाला, "परत लाव रे ता."

मला वाटलं, चेष्टा करतोय.

"लाव मरे. तो ढोलवालो खंय बसता?"

"सगळ्यांच्या मागे. का?"

"सगळी वाजवतत तेवा तो गप आसा. मगे अगदी हळू येता, कोणाक कळूचा नाय असो. आणि तो इल्यार सगळ्यांची चाल बदलता. मोठो वाजवणारो आसा तो."

मी पुन्हा लावलं. खरंच, व्हायोलिनच्या खाली तो ढोल होता. तीस वर्षांत मी तो एकदाही ऐकला नव्हता.

पुढच्या रविवारी दादाने भजनमंडळाला घरी बोलावलं. सात जण आले. माझ्या मुलीने पाठवलेला स्पीकर मी खळ्यात मांडला. काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो, तोवर दादाच उभा राहिला.

"ह्यात शब्द नाय आसत. शब्द शोधू नकात. आधी बारीक आवाज येतले, तेंका येवंदेत. मगे सनयेसारख्या एक वाजात, ता एकटाच आसा. आणि ढोल मी सांगान तेवा आयका. मधी कोण बोलूचा नाय."

मी तुकडा लावला. थोड्या वेळाने झांज वाजवणाऱ्याची बोटं मांडीवर ठेका धरू लागली. दादाने नुसता हात वर केला. बोटं थांबली. मग ढोल आला, आणि दादाने तर्जनी उचलली. सातही माना एकदम हलल्या.

मला तेव्हा जे वाटलं ते सांगायला संकोच नाही. ऊर भरून आला. जगातल्या इतक्या बंदरांत फिरलो, पण इतकं चांगलं ऐकणारा माणूस कुठे भेटला नव्हता. आणि तो माझा सख्खा भाऊ होता.

तुकडा संपला तरी कोणी उठलं नाही. पेटी वाजवणारे आजोबा चष्मा पुसत म्हणाले, "काय रे, तुका ह्या सगळा कोणी शिकवल्यान?"

दादाने माझ्याकडे बोट दाखवलं. "माझ्या भावान. जहाजावरसून आणल्यान."

त्याच्या आवाजात असा तोरा मी याआधी ऐकला नव्हता. आजोबा माझ्याकडे वळले. "मगे परत लाव. अख्खा लाव."

मी अख्खी सिंफनी लावली. वहिनीने आतून चहा आणला, तो प्रत्येकाच्या शेजारी ठेवला, आणि दाराच्या उंबऱ्यावर ऐकत बसली.