शेणातले भुंगेरे बघायला रेजिनाहून दक्षिणेला

कॅनडात येऊन धबधबा न बघता शेण बघायला गेलेली म्हातारी बहुतेक मी एकटीच.

नात केतकी रेजिनाच्या युनिव्हर्सिटीत भुंगेऱ्यांचा अभ्यास करते. शेणाची गोळी करून ढकलणारा भुंगेरा दक्षिणेकडच्या एका रँचवर सापडला, तर पुढच्या उन्हाळ्याचं काम तुझं, असं सरांनी तिला सांगितलेलं. नाही सापडला तर काम बंद. माझ्या लेकानं वर जाहीर केलं, काम गेलं की मुकाट फार्मसीला अप्लाय करायचं. शेवटचा शनिवार-रविवार उरला होता आणि पोरीला एकटी पाठवायला सून तयार नव्हती. म्हटलं, मी जाते. घरात बसून डिशवॉशरची घरघर किती ऐकायची?

जाणार असाल तर ऐका. साडेतीन तास गाडी, त्यात शेवटी खडीचा रस्ता. पेट्रोल आणि वॉशरूम दोन्ही शेवटच्या गावात उरका, पुढं आडोशाला झाडसुद्धा नाही. मोटेलच्या उशा चांगल्या, चहा म्हणजे पिशवी बुडवलेलं गरम पाणी. बेरीचा पाय, म्हणजे आत फळांचं गोड सारण भरून भाजलेली जाड पोळी, मात्र खाच. बाकी आमचे धपाटे होतेच.

वाटेत केतकीनं माझी शाळा घेतली. शेणातल्या भुंगेऱ्यांच्या तीन तऱ्हा. काही शेणातच बिऱ्हाड करतात, काही खाली बोगदा खणून शेण आत ओढतात, आणि काही गोळी करून लांब नेऊन पुरतात. मिशीच्या टोकाला पातळ पानं असतात, पंख्यासारखी उघडतात-मिटतात. त्यावरून कूळ ओळखायचं.

"आपल्या उसाची मुळं खाते ना हुमणी, ती यांच्याच कुळातली, आजी."

"आधी बोलायचंस. जाड चप्पल आणली असती."

रँच डोनाची, बाई माझ्याच वयाची. केतकीनं ताज्या शेणाचे तीन पो मांडले, शेजारी लाल झेंड्या रोवल्या आणि डोनाबरोबर पलीकडचं कुंपण बघायला गेली. मी रिकामी. समोर असलं झकास ओलं शेण. दोघी परतल्या तेव्हा दगडावर गोवऱ्या लागल्या होत्या, बोटांच्या ठशांसकट.

"आजी! दॅट वॉज माय एक्सपेरिमेंट!"

"झेंडीला हात लावला नाही मी."

डोना पोट धरून हसली. तिची आजीही म्हणे वाळलेलं शेण चुलीत जाळायची, पण थापलेलं ती पहिल्यांदाच बघत होती.

मला शिक्षा झाली. उरलेल्या दोन पोंची राखण, हात मांडीवर, तोंड बंद. एकात लालसर पाठीचे बिऱ्हाडकरू निघाले, दुसऱ्याखाली खणणाऱ्यांनी माती उकरलेली. गोळीवाल्याचा पत्ता नाही. रविवारी दुपारी केतकी गाडीत जाऊन तोंड पाडून बसली.

तेवढ्यात पोच्या कडेला हललं. काळा, नखाएवढा. पुढच्या दातेरी पायांनी त्यानं तुकडा कापला, थापून थापून गोल केला. दुसरा आला आणि वर चढून बसला. पहिला डोकं खाली करून मागच्या पायांनी ढकलायला लागला.

"केतके, पळ! निघाले दोघं!"

तिनं भिंग लावून मिशी बघितली. "हाच! ढकलणारा बहुतेक नर, वर मादी."

"म्हणजे इथलाच. आपल्याकडचा असता तर वर बसला असता."

सरांना दाखवायला एक बाटलीत न्यायचा होता. पण केतकीचा चिमटा हवेतच थांबला. "ते ती गोळी पुरून तिच्यात अंडं घालणार, आजी. एकाला नेलं तर दुसऱ्याचं काय?"

"तुझे आजोबा गेले तेव्हा तुझा बाप पाळण्यात होता. उचल."

तिनं ढकलणारा उचलला. वरची खाली पडली, जरा थांबली, मग उलटी झाली आणि स्वतः ढकलायला लागली. गवतात दिसेनाशी होईपर्यंत आम्ही बघत होतो.

सरांनी काम दिलं. लेकानं फार्मसीचं नाव काढणं सोडलं. सुनेनं बाटली फ्रिजमध्ये ठेवू दिली नाही. गाडीला अजून वास येतो आणि माझे गुडघे दुखतात, पण त्याचं काही विशेष नाही. परवा भाजी निवडताना केतकीनं एकदम विचारलं, आजोबा गेल्यावर तू काय केलंस? या घरात आजवर कुणी विचारलं नव्हतं.

म्हटलं, सकाळी उठून गोठ्यातलं शेण काढलं. म्हशी थोड्याच थांबणार होत्या?