न पेटलेला दिवा

माझ्या मैत्रिणीला विभागात सगळे ‘फ्यूज’ म्हणतात. पटकन उडते म्हणून.

पीएचडीसाठी सहा वर्षं ती एकच यंत्र घडवते आहे. सौरपट्ट्यांची कमीजास्त होणारी वीज स्थिर करून देणारा कन्व्हर्टर. मी साहित्याची पदवीधर. तरी दोन महिने तिच्या प्रयोगशाळेत बसते, कारण तिथे एकट्याने काम करायला मनाई आहे. भिंतीवरचं, वीज तोडणारं लाल बटण दाबायला दुसरं माणूस लागतं. तिचा इथला आधीचा सहकारी नोकरी लागून गेला.

पहिल्याच दिवशी तिनं बजावलं, “मी विजेला चिकटले तर मला हात लावायचा नाही. आधी बटण.”

तेव्हापासून माझ्या पुस्तकाचं पान उलटलेलं नाही.

तिचे वडील वायरमन. एक हात खिशात ठेवून काम करायचं, हे त्यांनी शिकवलेलं. वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जाऊ नये म्हणून. ही प्रत्येक कपड्याला डावा खिसा शिवून घेते. आई वैतागते. “लग्नातसुद्धा खिसा लावशील!”

खरी भीती यंत्र बंद केल्यावरची. आतल्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट साठलेले राहतात. म्हणून ती आधी त्याच्या टोकांना एक साधा दिवा लावते. दिवा भक्कन पेटतो, मंदावतो, विझतो. मग मीटरनं खात्री. मगच हात.

तो दिवा विझताना पाहिला की मला श्वास घेता येतो.

आज तीन वाजता तिचे मार्गदर्शक सर चाचणी बघायला येणार होते. अडीचला आत काहीतरी फटकन फुटलं. तिनं वीज तोडली.

“आतला स्विच गेला. शेवटचा एक आहे. मीटर कुठाय?”

“मघाशी शेजारच्या खोलीतले घेऊन गेले.”

“घेऊन जा म्हणावं, सगळंच न्या!” ती पुटपुटली. दिवा टोकांना लावला. लगेच काढला. पेचकस उचलला. स्विच बदलायला दोन्ही हात लागतात. तिचा डावा हात खिशातून बाहेर आला.

“अगं, आज दिवा पेटलाच नाही,” मी म्हटलं.

“मग बरंच आहे. रिकामा आहे.”

“पण आत्ता तर बंद केलंस. रोज आधी पेटतो ना?”

तिचे हात तसेच हवेत थांबले. टोकांपासून वीतभरावर.

ती मागे सरली. दिवा उचलून कानाशी हलवला. आत तुटलेली तार किणकिणली.

मी शेजारून मीटर आणला. तिनं तो टोकांना लावला. तीनशे ऐंशी.

मग तिनं कपाटातून दोन नवे दिवे काढले, शेजारी शेजारी जोडले आणि लावले. दोन्ही पेटले. दोन्ही विझले. तिनं मीटर पुन्हा लावला. शून्याकडे आकडा उतरताना आम्ही दोघी तो मोठ्यानं वाचत होतो.

सर तीनला आले. “तयार?”

“नाही सर. उद्या.”

सरांनी घड्याळ पाहिलं. त्यांना वाटलं, ती आता उडणार. ती उडाली नाही. जमिनीवर बसून तिनं वडिलांना फोन लावला.

“बाबा,” ती म्हणाली, “काही नाही. सहजच.”

तिचा डावा हात खिशात होता.