तर्रीवाल्या भाऊंचा नवस

देवळीचे भाऊ पोह्यांवर तर्री घेत नसत, तर्रीत पोहे घेत. ताटलीत लाल तेलाचं तळं झालं की मगच चमचा उचलायचे. हॉस्पिटलबाहेरच्या टपरीवर मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माझ्या हातात बिनसाखरेचा चहा होता, आणि आम्हा दोघांच्याही एकेका किडनीत कर्करोगाची गाठ होती. मी तिथेच त्यांच्यावर जळायला लागलो.

जळू नको तर काय करू? मी पिपरी मेघेचा, वीज कंपनीतून निवृत्त झालेला कारकून. जन्मभर पहाटे फिरलो, साय काढलेलं दूध प्यालो, कोलेस्टेरॉल कमी आलं की शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं. भाऊंचं कापडाचं दुकान. दुपारी गल्ल्यामागे बसून घोरायचे, आणि खिशात कायम गोरस पाक, ती तुपाळ बिस्किटं. त्यांचं कोलेस्टेरॉल पाहून रक्त तपासणारी मुलगीसुद्धा दचकली होती.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी भाऊंना हृदयावरून झापलं, तेव्हा मला बरं वाटलं. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "तुमचं मात्र फारच कमी आहे. या कर्करोगात कोलेस्टेरॉल फार कमी असलेल्यांचं पुढे जरा जड जातं, असं दिसून आलंय. कदाचित आजारच ते खाली ओढत असेल, नक्की कळलेलं नाही. पण म्हणून तूप खायला लागू नका." पुढचं मला ऐकूच आलं नाही. मी एवढा जपलेला आकडा माझ्यावरच उलटला होता आणि या तर्रीवाल्याचं फावलं होतं.

"सायेब, काऊन तोंड पाडून बसले?" भाऊ बाहेर आल्यावर म्हणाले. "तुमचं कोलेस्टेरॉल वाढलं ना, त माह्या वावरातल्या मारुतीले रोडगे करतो. तुपात बुडवून!" आमच्याकडे नवस फेडताना शेतातच गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजतात. मारुतीकडे कुणी पोरगं मागतं, कुणी नोकरी. कोलेस्टेरॉल मागणारे भाऊ पहिलेच असावेत. मी म्हटलं, भाऊ, हे वाढणं काही चांगलं नसतं. "तुमच्यासाठी चांगलं हाये ना? मंग झालं," म्हणाले.

दोघांचीही ऑपरेशनं नीट पार पडली. नंतर तपासणीला आम्ही एकाच दिवशी जायचो. नर्सबाई त्यांच्याशी हसून बोलायच्या, मला नुसतं "बसा" म्हणायच्या. माझी बायकोसुद्धा परतताना म्हणायची, "शिका जरा भाऊंकडून!" काय शिकू? तर्री?

मग एका तपासणीला भाऊ सैल पँट सावरत आले. "सायेब, आलो तुमच्या बरोबरीले! कोलेस्टेरॉल उतरलं माह्यं. अन् तर्री सोडली नाई बरं का!" मला संतापच आला. पहाटे न उठता, जिभेला लगाम न घालता या माणसानं माझा आकडा गाठला होता. त्या भरात डॉक्टरांचं बोलणं आठवायला मला थोडा वेळ लागला. आठवलं तेव्हा मी त्यांच्या पँटकडे पाहिलं. भाऊंचा आजार फुप्फुसात पोचला होता.

पुढच्या खेपेला माझं कोलेस्टेरॉल थोडं वर आलं. त्यांच्या खाटेशी बसून मी ते चोरट्यासारखं सांगितलं. भाऊंचा चेहरा उजळला. "ऐकलं म्हंजे मारुतीनं! आता रोडगे लागले."

ते करायला भाऊ राहिले नाहीत. दिवसपाणी उरकल्यावर वहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुमच्या नावाचा नवस राह्यला हाये त्यायचा. रविवारी वावरात येजा."

मारुतीसमोर पंगत बसली. वहिनींनी माझा रोडगा फोडून त्यावर तुपाची धार धरली, ती थांबवेनात. "त्यायनं सांगून ठेवलतं, सायेबाले तूप कमी वाढू नोको."

"आणि स्वतःसाठी काय मागितलं होतं त्यांनी?" मी विचारलं.

"काईच नाई. म्हणे, माह्यं त मस्तच हाये."

इतक्या वेळा आम्ही एका बाकावर बसलो, पण त्यांच्यासाठी काही मागावं हे मला सुचलंही नव्हतं. त्यांना ते टपरीवर पोहे खाता खाता सुचलं असतं. तेवढ्यासाठी मी आजही भाऊंवर जळतो.

"अजून वाढू?" वहिनींनी विचारलं.

मी ताट पुढे केलं.