व्हॅनमधला धाकटा राजपुत्र

उदयसिंहराव मोहिते कारेलीबागेतल्या मुलांना आपल्या व्हॅनमधून शाळेत नेत-आणत. पत्नी इंदिराबाई गेल्या आणि मुलाला सांभाळायला घरी कोणी उरलं नाही, तेव्हा ते त्यालाही शेजारच्या सीटवर बसवून नेऊ लागले.

फत्तेसिंह तिशीचा होता, पण समज चार-पाच वर्षांच्या मुलाएवढीच. जीभ जड, हनुवटीवर सतत लाळ. पहिल्या दिवशी मुलं मागे एकमेकांना चिकटून बसली. कुणीतरी हळूच ‘गांडो’ म्हणालं, म्हणजे गुजरातीत वेडा.

उदयसिंहराव रागावले नाहीत. गाडी सिग्नलला थांबली तेव्हा म्हणाले, “एका राजाला तीन मुलं होती. दोन हुशार. तिसऱ्याला धड बोलता येत नव्हतं.”

त्या राज्यात एक राक्षसीण रात्रंदिवस ओरडत असे. थोरले दोघे तलवारी घेऊन गेले आणि तिला बघताच पळत सुटले. धाकट्याला भ्यायचं असतं हेच कुणी शिकवलं नव्हतं. तो तिच्यापाशी बसला आणि त्यानं विचारलं, “दुकतंय?” तिची दाढ दुखत होती. इतकी वर्षं तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

“काका, पछी शुं थयुं?” मागून सानवीनं विचारलं. ती दुसरीत होती.

“पुढचं उद्या.”

गोष्ट रोज पुढे सरकत राहिली. धाकटा राजपुत्र लंगड्या घोड्याला भेटला, काळ्या परीला भेटला, गावानं वाळीत टाकलेल्या म्हातारीच्या घरी जेवला. मुलं हळूहळू पुढे सरकून बसू लागली. एकदा सानवीचं बोट दारात चेमटलं. ती रडायला लागली तसा फत्तेसिंह मागे वळून म्हणाला, “दुकतंय?” त्यानंतर तो त्यांचा फत्तूभाई झाला. त्याची लाळ पुसायला सानवी रुमाल देई, आणि डब्यातला पहिला घास कुणी द्यायचा यावरून मागे भांडणं होत.

दिवाळीनंतर उन्मेष नावाचा नवा मुलगा येऊ लागला. आठवड्याभरानं त्याची आई मोहना व्हॅनपाशी आली.

“काका, वाईट वाटून घेऊ नका. पण ह्यांना गाडीत आणू नका.”

“त्यानं कुणाला काही केलं का, ताई?”

“केलं नाही. पण मोठा पुरुष आहे तो. उद्या काही झालं तर? बाकीच्या आयांशीही बोलले मी.”

उदयसिंहरावांनी मुलांना सोडायला आलेल्या बाकीच्या आयांकडे पाहिलं. सानवीची आई मुलीच्या दप्तराचा पट्टा नीट करत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून फत्तेसिंहला घरात कोंडून जावं लागलं. तो दारावर हात आपटत राही. संध्याकाळी त्याचे सुजलेले तळवे उदयसिंहराव तेल लावून चोळत. शेजाऱ्यांनी तक्रार केली. शेवटी करजणजवळच्या एका संस्थेत त्यांनी त्याला ठेवलं. निघताना त्यानं बापाच्या शर्टाची बाही धरली. ती सोडवायला दोन माणसं लागली.

मुलं रोज विचारत. उदयसिंहराव काहीबाही सांगत. एके दिवशी सानवीनं विचारलं, “काका, गोष्टीतला राजपुत्र कुठे गेला?”

“राजानं त्याला लांब पाठवलं.”

“का?”

“लोक घाबरत होते.”

सानवी म्हणाली, “पण तो चांगला होता. मग राजाच वाईट.”

“हो, बेटा,” उदयसिंहराव म्हणाले आणि त्यांनी गाडी पुढे घेतली. त्यानंतर त्यांनी व्हॅनमध्ये गोष्ट सांगितली नाही. मुलांनी काही दिवस हट्ट केला, मग तीही आपापसांत बोलत बसू लागली.

रविवारी ते रिकामी व्हॅन घेऊन करजणला जातात. फत्तेसिंह फाटकापाशी उभा असतो. बापाला ओलांडून आधी गाडीपाशी जातो, काचेला नाक लावून मागच्या सीटा बघतो.

“पोलं?” तो विचारतो.

“आज सुट्टी आहे रे त्यांना,” उदयसिंहराव म्हणतात. मग दार उघडून त्याला त्याच्या जागेवर बसवतात आणि गाडी चालू न करता त्याच्याजवळ बसून राहतात.