स्वर्गीय पानाबाई हजर आहेत

पानाबाई वारल्याची बातमी पानाबाईंना सकाळी सव्वानऊ वाजता समजली. तेव्हा त्या मुगाचं पाणी पीत होत्या.

आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर काढून, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी पर्युषणातला आठ दिवसांचा उपास, म्हणजे अठाई, पुरा केला होता आणि आज त्याचं पारणं होतं. सून चंदना चमच्याने पाजत होती, समाजाची चार माणसं कौतुकाने समोर बसली होती. तेवढ्यात बाजारात बांगड्या विकणारी अख्तरी दारातूनच गळा काढत आत आली. दोन पावलं आली, समोर पाहिलं, आणि तिचं रडणं जिथल्या तिथे थांबलं. कसलेल्या नटीलाही असं थांबता येत नाही.

"सेठाणीबाई, तुमी जित्त्या हाये?"

"मंग काय! तू कायले रडून राह्यली?"

"अवो, सगळ्या शेलूबाजारच्या फोनात तुमी मेल्या नं!"

चंदनाने फोन उघडला. खरंच की. काळ्या चौकटीत पानाबाई, बाजूला दोन पेटत्या पणत्या, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली हात जोडलेले इच्छुक उमेदवार हरीओमभाऊ. भाऊंचा फोटो पानाबाईंच्या फोटोच्या दुप्पट.

झालं होतं ते असं. आदल्या संध्याकाळी तप पुरं झालं म्हणून बायांनी पानाबाईंना हार घातला, कपाळी केशराचा टिळा लावला आणि फोटो काढला. चंदनाने 'आमच्या आईंच्या तपाची अनुमोदना' असं लिहून तो समाजाच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेला. जाता जाता खालचं लिहिलेलं गळून पडलं आणि हार घातलेली, डोळे मिटलेली म्हातारी तेवढी उरली. जिल्हा परिषदेची निवडणूक दाराशी आलेली. अशा दिवसांत पुढाऱ्याच्या हाती हार घातलेल्या म्हातारीचा फोटो पडला, तर तो कोणाला विचारत बसत नाही. दुसऱ्याच्या आधी दुःख झालं पाहिजे, एवढंच तो पाहतो.

दुसरं दुःख साडेनऊला आलंच. ते अंजनाताईंचं. त्याही याच गटातून उभ्या राहणार होत्या.

"काढायले लाव," पानाबाई चंदनाला म्हणाल्या. एवढ्या साध्या गोष्टीला पाच मिनिटं लागतील असं त्यांना वाटत होतं.

पानाबाईंचं बाजारपेठेत कापडाचं दुकान. नवरा अमृतलाल गेल्यावर पंचवीस वर्षं त्यांनी ते एकटीने चालवलं. दुकानामागे घर, घरामागे संडास, आणि बाजाराच्या दिवशी तो संडास साऱ्या मुलखाचा. किन्हीराजाहून भाजी घेऊन येणाऱ्या बाया, मिरची विकणाऱ्या, बांगड्यावाल्या, बाळंतपणाला माहेरी निघालेल्या पोरी. रांग पार दुकानातल्या गाद्यांपर्यंत यायची. बाकीच्या बाया सकाळपासून पाणीच पीत नसत. भर बाजारात एक बाई त्यांच्या ओट्यावर चक्कर येऊन पडली, तेव्हापासून पानाबाईंनी अर्ज द्यायला सुरुवात केली: बाजारात बायांसाठी स्वच्छतागृह बांधा. अकरा वर्षांत अकरा अर्ज. पोच घेऊन, शिक्का मारून. ग्रामसभेत त्या उठून उभ्या राहिल्या की पुरुष मंडळी छताकडे पाहायची.

दुपारी चार वाजता, अंगात त्राण नसताना, सुनेचा हात धरून त्या अनुपच्या फोटो स्टुडिओत गेल्या. हरीओमभाऊंच्या पोस्टी तोच बनवायचा. त्यांना पाहून अनुप उठून उभा राहिला, खुर्ची दिली, पाया पडला.

"काकी, माफी करा. मले भाऊच्या ऑफिसातून फोटो आला, मी टाकला."

"मंग आता काढ."

"भाऊले विचारा लागते. साडेचार हजार लोकाईनं पाह्यलं. आता काढलं तं भाऊ खोटे पडतात."

"अन् मी मेली तं चालते?"

अनुप कानामागे खाजवू लागला. त्याच्या मागे संगणकावर अंजनाताईंची श्रद्धांजली उघडी होती. चंदनाने बोट दाखवलं. "हे बी तूच करतं का रे?"

"वहिनी, धंदा हाये," अनुप म्हणाला. "दोघाईचे रंग येगळे ठेवतो मी."

संध्याकाळी अंजनाताईंच्या पानावर पुढचा प्रवेश सुरू झाला. पानाबाईंनी अकरा अर्ज दिले, सत्ताधाऱ्यांनी केराची टोपली दाखवली, माउली झुरून गेली, असा व्हिडिओ. मागे सारंगी. ग्रामपंचायत हरीओमभाऊंच्या माणसांची, म्हणून हा बाण तिकडे. खाली माणसं तुटून पडली. कोणी लिहिलं, रुग्णवाहिका आली नाही. कोणी लिहिलं, आली पण रस्त्यात फसली. एकाने तर आपण स्वतः खांदा दिल्याचं लिहिलं.

सकाळी दुकानात किन्हीराजाचा एक शेतकरी धोतरजोडी घ्यायला आला आणि पानाबाईंसमोरच हळहळू लागला.

"लय चांगली बाई होती. रस्त्यानं खाल्ली तिले."

"भाऊ, मीच ते पानाबाई."

त्याने त्यांना खालीवर पाहिलं. "तुमी तिच्या जाऊबाई असान. सारखंच नाक हाये. पण व्हिडिओ आला नं बाई, आता काय सांगता!"

पानाबाईंनी धोतरजोडी त्याच्यापुढे आपटली. आधार कार्ड काढून दाखवावं असं क्षणभर मनात आलं, आणि आपल्याच दुकानात आपण जिवंत असल्याचा पुरावा शोधतो आहोत हे ध्यानात येऊन त्यांना रडू की हसू कळेना.

तिसऱ्या दिवशी हरीओमभाऊंनी उत्तर दिलं. 'स्व. पानाबाई स्मृती महिला स्वच्छतागृह'. जागा मंजूर, ठराव मंजूर, भूमिपूजन येत्या बाजाराच्या दिवशी, आचारसंहिता लागायच्या आत. अकरा वर्षांत जे झालं नाही ते तिसऱ्या दिवसाला झालं.

अख्तरी धावत आली. आज ती रडत नव्हती.

"सेठाणीबाई, आता तोंड उघडू नोका. चार दिवस मरून राहा."

"अख्तरी, मी परवाच पर्युषण संपताना साऱ्या जगाची क्षमा मागितली. अन् लगेच एवढं मोठं खोटं जगू?"

"तुमी कुठी खोटं बोलून राह्यल्या? खोटं ते बोलून राह्यले. तुमी फक्त घरात बसा." मग तिचा आवाज खाली आला. "माही पोरगी यास्मीन पोटुशी हाये. मागच्या बाजारी उन्हात तीन घंटे दाबून बसली. डॉक्टर रागावला. तुमच्या जित्तेपणानं तं काही झालं नाही, बाई. मरणानं होऊन राह्यलं."

अख्तरीचा राग पानाबाईंना आला नाही. राग आला तो या गोष्टीचा, की ती खरं बोलत होती.

चार दिवस त्या दुकानात बसल्या नाहीत. माळ घेऊन आतल्या खोलीत बसल्या आणि एकही माळ नीट पुरी झाली नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी त्यांनी पांढरी साडी नेसली आणि चंदनाला म्हणाल्या, "चाल."

"आई, काम बंद पाडतील ते!"

"पाडू दे. माह्या मरणाच्या भरोशावर बांधलेल्या भिंती मले नाही पाह्यवत."

मंडप भरला होता. मंचामागे पानाबाईंचा भला थोरला फ्लेक्स, डोक्यामागे तेजाचं वलय. जागेवर चुन्याने चौकोन आखलेला, कडेला जेसीबी घेऊन अख्तरीचा मुलगा मोईन उभा. पानाबाई शांतपणे पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. अनुपने मोबाइल स्टँडवर लावून थेट प्रक्षेपण सुरू केलं होतं. हरीओमभाऊ माइकवर आले, "स्वर्गीय पानाबाई" म्हणून गहिवरले, आणि त्यांची नजर पहिल्या रांगेवर पडली.

वाक्य विसरलेला नट विंगेकडे पाहतो, तसं त्यांनी अनुपकडे पाहिलं. अनुप जमिनीकडे पाहत होता.

पण भाऊ मुरलेले. "आज आपल्यात," ते म्हणाले, "स्वर्गीय पानाबाईंच्या भगिनी उपस्थित आहेत—"

पानाबाई उठल्या. चार पायऱ्या चढल्या आणि माइक हातात घेतला. आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता.

"मले बहीण नाही. मी पानाबाईच हावो. मेली नाही. उपास केला होता. अर्ज अकरा दिले होते, ते खरं हाये. बाकी समदं खोटं."

तीनशे फोन एकदम वर झाले. मागून अंजनाताईंची माणसं ओरडली, "खोटी श्रद्धांजली! जनतेची फसवणूक!" त्यांच्याही ताईंनी तीच श्रद्धांजली वाहिली होती, हे कोणाला आठवेना. भाऊंची माणसं ओरडली, "ही बाई विरोधकांनी आणली!" खुर्च्या सरकल्या. भाऊ ग्रामसेवकाच्या कानाला लागले. ग्रामसेवक घसा साफ करून म्हणाला, "ठराव स्मृतीप्रीत्यर्थ आहे. व्यक्ती हयात असल्यास फेरविचार करावा लागेल. तूर्त काम स्थगित."

मंडपात बसलेल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. अख्तरीने तोंड फिरवलं.

पानाबाईंनी मंचावरची एक खुर्ची घेतली, स्वतः ओढत नेली आणि चुन्याच्या चौकोनात मधोमध मांडून बसल्या.

"काकी, हे काय?" भाऊ धावत आले.

"तुमच्या हिशेबानं मी मेली नं? मंग मेलेली बाई उठून कुठी जाईन? जोपर्यंत खोदकाम सुरू होत नाही, तोपर्यंत मी इथून उठत नाही."

"आपण निवांत बसून बोलू ना."

"अकरा वर्षं निवांतच बोलली." त्यांनी अनुपकडे वळून पाहिलं. "चालू हाये का रे तुहा फोन?"

"हो काकी. सहा हजार लोक पाहून राह्यले."

"बंद करू नोको."

भाऊंनी फोनकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. एका मिनिटापूर्वी हीच बाई त्यांना बुडवणार होती. आता सहा हजार माणसांसमोर तिला उचलून बाजूला करणं त्याहून महाग होतं. त्यांनी कुदळ घेतली, कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि जमिनीवर एक घाव घातला. हसले सुद्धा.

जेसीबीवर बसलेला मोईन भाऊंकडे पाहत होता, मग ग्रामसेवकाकडे.

"मोईन," अख्तरी कडाडली, "काय पाहून राह्यला? खोद!"

मोईनने यंत्र सुरू केलं. "काकी, खुर्ची जरा सरकवा," तो वरून ओरडला. पानाबाईंनी ती खड्ड्याच्या कडेला घेतली आणि पुन्हा बसल्या. दुसऱ्या दिवशीही बसल्या, तिसऱ्या दिवशीही. कारण फोन घेऊन आलेली माणसं निघून गेली होती आणि मजूर दुपारनंतर दिसेनासे होत होते.

भिंती खिडकीपर्यंत आल्या त्या संध्याकाळी चंदना शेजारी उभी राहून मोबाइल वाचत होती. भांडण अजून सुरूच होतं. अर्धे म्हणत होते बाई जिवंत आहे, अर्धे म्हणत होते ही डुप्लिकेट आहे, खऱ्या पानाबाईंच्या गालावर तीळ होता. एकाने दोन्ही फोटोंवर लाल गोल काढून दाखवले होते.

"अन् पाण्याची लाइन कुठून घेणार, ते कोणी लिहिलं का त्यात?" पानाबाईंनी विचारलं.

चंदना अंगठ्याने खाली खाली जात राहिली. "नाही आई. कोणीच नाही."

"मंग ठेव तो फोन, अन् चाल. ग्रामसेवक सहाले ऑफिस बंद करून जाते."